आठ जागांची घार

डुबलांची टिटवी चार जागांची होती आणि घरात माणसं पाच. भांडायला एवढं पुरेसं असतं, पण डुबलांनी त्याच्यावरही कडी केली होती. कराडात एकाच अंगणात त्यांची दोन घरं, समोरासमोर. एकात थोरला शहाजी आणि त्याची बायको उर्मिला, दुसऱ्यात धाकटा सुजित आणि त्याची बायको हर्षदा. म्हातारे आबा दुपारी एकीकडे जेवायचे, रात्री दुसरीकडे. मधल्या अंगणात टिटवी उभी. सम तारखेला ती थोरल्यांची, विषम तारखेला धाकट्यांची. एकतीस तारखेला लागून एक तारीख येते, म्हणजे धाकट्यांना सलग दोन दिवस गाडी मिळते, हे उर्मिलाच्या ध्यानात आलं त्या महिन्यात तिनं अंगणाकडची खिडकी उघडलीच नाही.

टिटवी म्हणजे उडती गाडी. चार पंख्यांवर उभीच्या उभी वर जायची, तशीच खाली यायची. उतरताना असा वारा सोडायची की एकदा शेजारच्या साळुंखेकाकूंचे वाळत घातलेले पापड उडाले ते थेट मलकापुरात कुणाच्या तरी ताटात पडले. संध्याकाळी तिकडून फोन आला, पापड छान झालेत, जिरं थोडं जास्त चाललं असतं.

अशा गाड्या घरोघरी आल्या त्या मिठाच्या बॅटरीमुळं. आधीच्या बॅटऱ्या जड, महाग, आणि तापल्या की पेट घेणाऱ्या. मग मिठातल्या सोडियमवर चालणारी, आत थेंबभरही पातळ पदार्थ नसलेली हलकी बॅटरी निघाली. पेट घ्यायची भीती गेली, आणि मीठ काय, समुद्र आहे तोवर आहे. बघता बघता मोटारसायकलीच्या जागी अंगणात टिटव्या दिसायला लागल्या.

उर्मिला आणि हर्षदा एकमेकींशी बोलत नव्हत्या, त्याला कैक वर्षं झाली होती. सासूबाई, म्हणजे सिंधूबाई, गेल्या. चुली वेगळ्या झाल्या. भांड्यांची वाटणी पार उलथन्यापर्यंत गोडीनं झाली आणि शेवटी राहिला सासूबाईंचा पाटा-वरवंटा. तो दोघींना हवा होता. नवरे कंटाळले, म्हणाले, एकीनं पाटा घ्या, एकीनं वरवंटा. आणि या बायांनी खरंच घेतला! तेव्हापासून उर्मिलाच्या ओट्याखाली नुसता पाटा पडलेला आणि हर्षदाच्या फळीवर नुसता वरवंटा बसलेला. चटणी दोन्हीकडं मिक्सरची. आबा दोन्हीकडं घास घेऊन एकच बोलायचे, "ती चव न्हाई."

हर्षदाला चटणीचं काही वाटत नव्हतं. तिला वाटायचं ते ऋतुजाचं. ऋतुजा उर्मिलाची मुलगी, पण वाढली काकूच्या कडेवर. तिच्या बारशाला नव्या नवरीच्या हिरव्या चुड्यात हर्षदा पाळण्याच्या एका अंगाला उभी होती आणि दुसऱ्या अंगाला उर्मिला. पाळण्याखालून टोपडं घातलेला वरवंटा एकीनं दिला, एकीनं घेतला, तसा डुबलांच्या प्रत्येक पोराच्या वेळी द्यायचे-घ्यायचे. चुली वेगळ्या झाल्या आणि ऋतुजाचं अंगण ओलांडणं कमी कमी होत थांबलं. मग ती लग्न होऊन गुहागरला गेली.

आता ऋतुजाला मुलगी झाली होती. सव्वा महिन्यानं बारसं आणि त्याच दिवशी बाळ-बाळंतिणीला दोन महिने माहेरी आणायचं. पाच आणि दोन सात. टिटवी काही रबराची नव्हती.

"मोठी गाडी घेऊ," शहाजी म्हणाला. "दोन्ही घरांची मिळून एक."

"तारखा मोडतील," सुजित म्हणाला.

"मोडू देत," आबा म्हणाले. "पण माझं ऐका. अंगण माझ्या नावावर, तवा गाडी पण माझ्या नावावर. मी सही कधी करणार? दोघी सुना एका गाडीत बसून गुहागरला जाऊन आल्या की. न्हाईतर मी माझ्या टिटवीत बरा. दोन खेपा करीन, चार करीन."

म्हणजे सगळं येऊन ठेपलं दोन बायकांवर. हर्षदाला ते लगेच कळलं. आपण अडून बसलो, तर ऋतुजाचं बाळ वेगळ्या गाडीतून येणार, वेगळ्या दारात उतरणार, आणि आपण ते खिडकीतून बघणार.

हायवेवरच्या दुकानात देवकुळेबाई नावाच्या विक्रेतीनं त्यांना आठ जागांची घार दाखवली. करड्या रंगाची, पोट गोल, आठ पंखे. आत चार रांगा, रांगेत डावीकडं एक जागा, उजवीकडं एक, मधे हातभर पट्टी.

"हिच्यात कुणी कुठं बसायचं ते घार ठरवते," देवकुळेबाई म्हणाल्या.

"का? आम्हाला कळत नाही?" उर्मिला म्हणाली.

"तसं नाही ताई. टिटवी हलकी, तिच्यात थोडं इकडं-तिकडं चालतं. ही मोठी. एका बाजूला वजन जास्त झालं की त्या बाजूच्या पंख्यांना जास्त फिरावं लागतं, ते तापतात आणि बॅटरी खातात. दोन्ही बाजू सारख्या असल्या की तेवढ्याच बॅटरीत पंधरा-वीस किलोमीटर जास्त जातो आपण. म्हणून पायरीवर पाय ठेवला की घार वजन घेते आणि सारख्या वजनाच्या माणसांची जोडी लावते. वजन कुणाला सांगत नाही, तेवढी खात्री."

"बैलगाडी उलाळ होती तसंच की," आबा म्हणाले. "मागं भार झाला की जू वर."

"अगदी तसंच, आबा. फक्त इथं चारी बाजूंनी उलाळ व्हायची भीती."

मग चक्कर मारायची ठरली. सगळे एकेक करून पायरीवर चढले. घारीचा आवाज बायकी, गोड, शाळेतल्या प्रार्थनेसारखा.

"शहाजीराव, पहिली रांग, डावीकडं. सुजितराव, पहिली रांग, उजवीकडं. उर्मिलाताई, दुसरी रांग, डावीकडं. हर्षदाताई, दुसरी रांग, उजवीकडं."

हर्षदा पायरीवरच थबकली. "दुसरं काही नाही का?"

"ही सर्वांत उत्तम जोडी आहे," घार म्हणाली. "इतकी जुळणारी वजनं क्वचितच मिळतात."

मागच्या रांगेत एकटे बसलेले आबा खोकले. तो खोकला नव्हता, हसू होतं.

घार वर गेली. खाली प्रीतिसंगम दिसला, कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळाल्या होत्या. शहाजी आणि सुजित मान काढून बघत होते. हर्षदा उजव्या खिडकीतून बघत होती, उर्मिला डाव्या. मधे हातभर पट्टी आणि ती पट्टी नदीपेक्षा रुंद.

"घारे," उर्मिला म्हणाली, "शेजारच्यांना म्हणावं कोपर आत घ्या."

"हर्षदाताई, उर्मिलाताई म्हणतात, कोपर आत घ्यावं."

"ऐकू आलं म्हणावं."

"उर्मिलाताई, हर्षदाताईंना ऐकू आलं आहे."

"आणि म्हणावं, कोपर माझ्याच जागेत आहे."

घार चांगल्या वळणाची होती. चक्कर संपेपर्यंत तिनं दोघींचे सगळे निरोप पोचवले, आणि खाली उतरल्यावर तिची बॅटरी अपेक्षेपेक्षा जास्त उतरलेली निघाली. देवकुळेबाईंना कारण सापडलं नाही. आबांना सापडलं.

बाकीचे बाहेर चहा घेत होते तेव्हा हर्षदानं देवकुळेबाईंना बाजूला घेतलं. "ती जोडी बदलायची असली तर?"

"पाच-सात किलोचा फरक पडला की घार दुसरी जोडी लावते," देवकुळेबाई म्हणाल्या. "मांडीवरच्या पिशवीचं वजनही त्या जागेतच धरते बरं का." मग जरा थांबून त्यांनी चमत्कारिक नजरेनं तिच्याकडं पाहिलं. पण बोलल्या काही नाहीत. एका गिऱ्हाइकाच्या गोष्टी दुसऱ्या गिऱ्हाइकाला सांगू नयेत एवढं त्यांना कळत होतं.

बारशाच्या सकाळी हर्षदानं मोठी कापडी पिशवी काढली. फळीवरचा वरवंटा उचलला, चार किलोचा, काळाभोर, मधे सासूबाईंच्या हातांनी गुळगुळीत झालेला. तिनं मनाशी सांगितलं, हा वजनासाठी. बारशाला लागतो खरा, पण मागायला कुणी आलेलं नाही, आणि न मागता द्यायला आपण काही देऊळ नाही. वजनासाठीच. मग खात्री असावी म्हणून लोखंडी कढई घातली, वर पितळी तांब्या घातला. पिशवी उचलताना तिच्या तोंडातून असा आवाज निघाला की सुजित आतून धावत आला.

"काय घेतलंयस एवढं?"

"बाळंतविडा."

"बाळासाठी का पैलवानासाठी?"

अंगणात घार उभी होती, कंपनीनं दोन दिवस वापरायला दिलेली. शहाजी गुळाची अख्खी ढेप आणि शेंगदाण्याचं पोतं मागं चढवत होता, कोकणात व्याह्यांकडं रिकाम्या हातानं जायचं नाही म्हणून. उर्मिला आली ती मांडीएवढी जाड गोधडी छातीशी धरून. चेहरा लाल, चाल बदकासारखी.

"बाळाची गोधडी," ती हवेला म्हणाली.

दोघी पायरीवरून चढल्या.

"उर्मिलाताई, दुसरी रांग, डावीकडं," घार म्हणाली. "हर्षदाताई, दुसरी रांग, उजवीकडं. दोन्ही बाजूंचं वजन सारखंच वाढलं आहे. सहकार्याबद्दल मनापासून आभार."

हर्षदानं डावीकडं पाहिलं. उर्मिलाही तिच्याकडंच बघत होती. दोघींनी झटकन माना फिरवल्या.

पाटणपर्यंत सगळं निवांत होतं. वैशाखातलं ऊन, खाली कोयनेचं पाणी चमकत होतं, आबांना डुलकी लागली होती. पण घाटमाथा जवळ आला तसा समुद्राकडून वारा सुटला. डोंगराला आपटून वर चढणारा, थेट नाकावर येणारा. घार थरथरली, तिचे पंखे मोठ्यानं गुणगुणायला लागले.

"समोरून जोराचा वारा आहे," ती म्हणाली. "कराडात निघताना एवढा नव्हता. याच वजनानं पुढं गेलो तर नियमाप्रमाणं शिल्लक ठेवायची बॅटरी खर्चात पडेल. मी घाटमाथ्यावरच्या तळावर उतरते आहे."

तळ म्हणजे सिमेंटचा एक गोल, चार्जिंगचा खांब आणि पत्र्याची चहाची टपरी. सगळे उतरले. वाऱ्यानं सुजितची टोपी कोकणात गेली, तिला घाई होती.

"चार्जिंगला दोन तास लागतील," घार म्हणाली. "नाहीतर वीस किलो वजन कमी करावं."

"बारसं बाराला हाय," आबा म्हणाले.

"गुळाला हात लावायचा नाही," शहाजी म्हणाला. "वाटलं तर मी उतरतो."

"तू उतरलास तर चार ढेपा बसतील," आबा म्हणाले.

"एक सुचवू?" घार म्हणाली. "माणसांचं वजन सांगायचं नाही, असा माझा नियम आहे. सामानाचा नाही. दुसऱ्या रांगेत दोन्ही मांड्यांवर मिळून साधारण वीस किलो आहे. तेवढं काढलं तरी पुरे."

टपरीवालीनं स्टोव्ह बारीक केला, नीट ऐकू यावं म्हणून.

"बाळंतविडा?" सुजितनं विचारलं.

"गोधडी?" शहाजीनं विचारलं.

हर्षदानं आधी तांब्या काढला. मग कढई. मग, आता लपवायला उरलं काय म्हणून, वरवंटा काढून सिमेंटवर ठेवला. उर्मिला त्याच्याकडं बघत राहिली. मग तीही खाली बसली आणि गोधडी उलगडली. एक घडी, दुसरी, तिसरी. आत पाटा. चटणीपुरता लहानसा, टाकी लावून लावून झिजलेला, एका कोपऱ्याला टवका उडालेला. तो टवका हर्षदाच्याच हातून उडाला होता, लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात, आणि उर्मिलानं सासूबाईंना सांगितलं होतं की माझ्या हातून उडाला.

हर्षदाला हे आज आठवलं. इतकी वर्षं तिला फक्त वाटणी आठवत होती.

"घारे," उर्मिला म्हणाली, "त्यांना विचार, वरवंटा कशाला आणला?"

घार काही बोलली नाही. वजन उतरताना ती तिची आकडेमोड करत होती, की मुद्दाम गप्प राहिली, कुणास ठाऊक.

"विचार की गं!"

वारा तेवढा भणभणत होता.

मग हर्षदाच बोलली. "तुमच्याशेजारी बसायला लागू नये म्हणून आणला. वजन बदलायला. आणि पाटा?"

उर्मिलानं गोधडीची एक घडी पाट्यावर ओढली. "त्याचसाठी," ती म्हणाली.

आबा आधी हसले. मग टपरीवाली. मग हर्षदाला असं हसू फुटलं की तिला कढईचा आधार घ्यावा लागला. उर्मिला हसू दाबत होती, दाबता दाबता तिचे डोळे भरले.

"ऋतू फोनवर विचारत होती," ती पदराला नाक पुसत म्हणाली. "आई, वरवंटा आपला आणशील ना? मी म्हटलं, दगड काय, तिकडंही मिळतात. ती म्हणाली, मग राहू दे बारसं."

"मग मागायचा होतात की, ताई."

"आणि तू नाही म्हणाली असतीस तर?"

"म्हणाले असते," हर्षदा म्हणाली. "दारात म्हणाले असते. आणि मागच्या दारानं आणून ठेवला असता."

"बायांनो," आबा म्हणाले, "वीस किलो."

दोघींनी एकमेकींकडं पाहिलं आणि मग दोघींनी मिळून शहाजीकडं. कैक वर्षांनी त्यांचं एका गोष्टीवर एकमत झालं होतं. गुळाची ढेप उतरली, तांब्या-कढई उतरली, शेंगदाण्याचं पोतंही टपरीच्या बाकाखाली गेलं. शहाजी ढेपेकडं असा बघत होता जणू घरचं कुणी मागं राहतंय. पाटा दोघींच्या जागांच्या मधल्या पट्टीत ठेवला आणि त्याच्यावर वरवंटा.

"भार मध्यावर आला आणि हलकाही झाला, तेव्हा आता दुसरी जोडीही चालेल," घार म्हणाली. "जागा बदलायच्या आहेत का?"

"नको," दोघी एकदमच म्हणाल्या.

गुहागरला पोचेपर्यंत दोघी बोलतच होत्या. पुढून सुजितनं विचारलं, जरा हळू बोलाल का. उर्मिला म्हणाली, "घारे, पुढच्यांना सांग, कान बंद करा."

बारसं झालं. पाळण्याच्या एका अंगाला उर्मिला, दुसऱ्या अंगाला हर्षदा. टोपडं घातलेला वरवंटा पाळण्याखालून गेला, वरून आला. मग बाळ गेलं, बाळ आलं. आत्यानं कानात कुर्रर्र करून नाव ठेवलं, ओवी. ऋतुजानं काकूला मिठी मारली आणि बराच वेळ सोडली नाही. "तू येशील की नाही, मला माहीत नव्हतं," ती म्हणाली. हर्षदा म्हणाली, "वजनात बसत होते, म्हणून आले."

दुसऱ्या दिवशी सकाळी परत निघायची वेळ झाली. व्याह्यांनी फणस दिले, आमसुलं दिली, सुके बोंबील दिले. घारीनं सगळं मोजून घेतलं, त्यातले दोन फणस नम्रपणे नाकारले. ऋतुजा बसली. तिसऱ्या रांगेत डाव्या जागेवर पाळणा अडकवला, बाळ ठेवलं, पट्टा लावला.

"उजवीकडं चार किलो कमी आहे," घार म्हणाली. "बाळाच्या जोडीला कुणी हवं."

"बोंबील ठेवा," शहाजी म्हणाला.

"बोंबलाच्या शेजारी माझं बाळ?" ऋतुजा म्हणाली.

हर्षदानं पाट्यावरचा वरवंटा उचलला. त्याचं टोपडं अजून काढलं नव्हतं. तिनं तो उजव्या जागेवर बसवला आणि उर्मिलानं वाकून त्याला पट्टा लावला.

"बाजू सारख्या झाल्या," घार म्हणाली. "आठही जागा भरल्या. ज्या जागेचा पट्टा लागतो, तिथल्या प्रवाशाचं नाव मला नोंदवावं लागतं. आठव्या प्रवाशाचं नाव?"

"तू सांग," उर्मिला म्हणाली.

"तुम्ही थोरल्या. तुम्ही सांगा."

"तुझ्याकडं होता तो. तू सांग."

"ताई, आता यावरून भांडायचं का?"

उर्मिलानं वरवंट्याचं टोपडं सारखं केलं. "लिही," ती म्हणाली, "सिंधूबाई डुबल."

"वय?"

"ते नको विचारू," हर्षदा म्हणाली. "त्यांना आवडायचं नाही."

मागच्या रांगेत आबा खिडकीकडं तोंड करून बसले होते. घार समुद्रावरून वळली, डोंगराकडं निघाली, तरी त्यांनी तोंड वळवलं नाही. घाटमाथा ओलांडल्यावर मात्र ते म्हणाले, "त्या देवकुळेबाईस्नी फोन लावा. सही कुठं करायची म्हणावं."

ढेप काही परत मिळाली नाही. टपरीवालीनं तिचा चहा केला होता, आणि त्या चहाचं नाव असं झालं की लोक नुसता चहा प्यायला घाटमाथ्यावर उतरायला लागले.

टिटवी साळुंखेकाकूंनी घेतली, पापड पोचवायला. घार मधल्या अंगणात उभी असते. तारखा गेल्या. पाटा कुणाच्या ओट्याखाली ठेवायचा, यावर दोघी जावांचं अजून एकमत झालेलं नाही, म्हणून पाटा-वरवंटा घारीतच असतो, दुसऱ्या रांगेच्या मधल्या पट्टीत. चटणी करायची झाली की एक जण भाजलेले शेंगदाणे घेऊन येते, एक जण लसूण-तिखट, आणि दोघी दार लावून आत बसतात.

त्या बसल्या की घार दर वेळी विचारते, "कुठं जायचं आहे?"

"कुठं नाही," आतून उत्तर येतं. "पण आबांना सांग, ताट वाढलंय."